आखाती युद्ध १९९१: बनवाबनवी किती आणि कोणाकोणाची?

जुनी_कात्रणं:
माळा आवरताना वडिलांची चिकटवही सापडली. इराकने बळकावलेलं कुवेत अमेरिकेच्या पुढाकाराने सोडवलं, त्या आखाती युद्धाची १९९१ च्या जानेवारी-फेब्रुवारीतली कात्रणं, समासात लाल पेनाने आकडे: आज किती विमानं उडाली, किती स्कड (इराकची क्षेपणास्त्रं) पाडली. क्रिकेटच्या स्कोअरसारखे ते आम्ही पाठ करायचो. आता वाचवत नाही.

एक-दोनच नमुने देतो. १० ऑक्टोबर १९९० ला वॉशिंग्टनमध्ये नायिरा नावाच्या पंधरा वर्षांच्या मुलीने अमेरिकी खासदारांसमोर रडत सांगितलं, की इराकी सैनिकांनी कुवेतच्या इस्पितळात बाळांना इन्क्युबेटरमधून काढून फरशीवर मरायला टाकलं. तेव्हाचे अमेरिकी राष्ट्राध्यक्ष थोरले बुश यांनी ही गोष्ट गावोगाव सांगितली. युद्ध संपल्यावर, १९९२ मध्ये उघड झालं की ती अमेरिकेतल्या कुवेती राजदूताचीच मुलगी, आणि त्या सगळ्या प्रचारामागे हिल अँड नोल्टन ही पैसे घेऊन काम करणारी जनसंपर्क कंपनी.

दुसरा नमुना पेट्रियटचा, म्हणजे स्कड हवेतच पाडायच्या अमेरिकी क्षेपणास्त्रांचा. १५ फेब्रुवारीला बुश यांनी ही क्षेपणास्त्रं बनवणाऱ्या कारखान्यात जाऊन सांगितलं, ४२ पैकी ४१ स्कड अडवली. अमेरिकेच्याच सरकारी हिशेबतपासनिसांच्या १९९२ च्या अहवालानुसार पडली होती फक्त ९ टक्के!

माझं मत: या युद्धाचा रूढ इतिहास जिंकलेल्यांच्या जाहिरातवाल्यांनी लिहिलाय. सरळ रद्दीत घाला.

कुवेत_रिटर्न:
साफ असहमत. २ ऑगस्ट १९९० ला मी कुवेतमध्ये, सालमियात होतो. पहाटे फटाक्यांसारखे आवाज आले, गच्चीवर जाऊन बघतो तर रस्त्यावर रणगाडे. पासपोर्ट कंपनीच्या कपाटात, कपाटाची किल्ली साहेबाकडे, आणि साहेब लंडनला. बगदादमार्गे बसने जॉर्डनच्या सीमेवर पोचलो, तिथल्या तंबूत एक टोमॅटो चौघांनी वाटून खाल्लाय. अम्मानहून एअर इंडियाच्या विमानाने मुंबईच्या सहार विमानतळावर उतरलो, तेव्हा खिशातल्या कुवेती दिनारांना कोणी हात लावेना. आमच्यासारखे लाखाच्या वर भारतीय असेच आले, त्यात कोकणातले आणि गोव्यातले किती तरी.

इन्क्युबेटरची गोष्ट खोटी, मान्य. मग सहाशेच्या वर माणसं इराकने उचलून नेली ती पण खोटी? २००३ नंतर इराकच्या वाळूत त्यांचे सांगाडे सापडले. सहाशेहून जास्त तेलविहिरी पेटवल्या, शेवटची विझायला नोव्हेंबर उजाडला. तुमच्या अख्ख्या लेखात सद्दामचं नाव एकदाही नाही. ही कसली निष्पक्षता?

जुनी_कात्रणं:
नाव राहिलं, ही माझी चूक. पण त्या खोट्या साक्षीने नुकसान तुमचंच झालं ना? अ‍ॅम्नेस्टीसारख्या मानवी हक्कांच्या संस्थेने तीनशेवर बाळांचा आकडा छापला आणि नंतर मागे घेतला. त्यानंतर खऱ्या अत्याचारांबद्दल बोललं की लोक हसत विचारायचे, हीसुद्धा इन्क्युबेटरवाली का?

आणि मोजमाप बघा. अमेरिकेने लढाईत मेलेले आपले १४८ सैनिक मोजले, त्यातले ३५ आपल्याच माऱ्यात गेले हेही शोधून काढलं. इराकी किती मेले? कोणी वीस हजार म्हणतं, कोणी एक लाख. १३ फेब्रुवारीला बगदादच्या अमिरिया या हवाई हल्ल्यांपासूनच्या निवाऱ्यात अमेरिकी बॉम्बनी चारशेहून अधिक नागरिक जळून मेले. वडिलांच्या वहीत ते कात्रण आहे, समासात मात्र त्या दिवशी आकडा नाही.

तोफखाना:
धागाकर्त्यांनी आधी आपलं घर झाडावं. ९ टक्क्यांचं वाक्य चुकीचं आहे. अहवाल म्हणतो की स्कडचं स्फोटकशीर्ष नष्ट झाल्याचा *सर्वांत भक्कम पुरावा* सुमारे ९ टक्के प्रसंगांत आहे. बाकीच्यांत पुरावा कच्चा. म्हणजे किती पाडली ते छातीठोकपणे सांगता येत नाही, एवढंच. ‘फक्त ९ टक्के पडली’ हे त्यातून निघत नाही. बुश यांनी एका दिशेला ताणलं, तुम्ही दुसऱ्या.

शिवाय तुमच्याही लेखात युद्ध अमेरिकेचंच. खाफजी हे सौदी गाव इराक्यांनी जानेवारीअखेर घेतलं, ते परत घ्यायला गल्लीबोळांत शिरले सौदी आणि कतारी जवान, अमेरिकी विमानं आणि तोफा पाठीशी होत्या. इजिप्त आणि सीरियाचं सैन्यही याच आघाडीत होतं. कात्रणांत त्यांना किती ओळी आहेत, मोजून सांगा.

सदा_खोचक:
आपलंही सांगा की राव. तटस्थ म्हणवत चंद्रशेखर सरकार अमेरिकी लष्करी विमानांना मुंबईत इंधन भरू देत होतं. बोंबाबोंब झाली तेव्हा बंद केलं. 😄

कुवेत_रिटर्न:
तोफखाना यांना +१. पण आता माझ्याही पहिल्या प्रतिसादातली एक गाळलेली जागा भरतो. आमच्या समोरच्या घरात पॅलेस्टिनी मास्तर राहायचे. रणगाडे आल्यावर पहिले आठ दिवस आम्हाला खुब्ज, म्हणजे अरबी रोटी, त्यांच्या घरून येत होता. पॅलेस्टिन्यांचे नेते अराफत यांनी सद्दामची बाजू घेतली, आणि सुटका झाल्यावर कुवेतने सरसकट पॅलेस्टिन्यांवर राग काढला. युद्धाआधी ते चार लाखांच्या आसपास होते, उरले मूठभर. मारहाण झाली, माणसं गायब झाली. मी कुवेतची बाजू मांडताना हे कधीच सांगत नाही. कालही नाही सांगितलं.

मात्र ‘रद्दीत घाला’ला माझा विरोध कायम. रद्दीत गेलं तर त्या सांगाड्यांची नावंही जातील.

जुनी_कात्रणं:
तोफखाना, चूक कबूल. संपादक, मूळ लेखातलं ९ टक्क्यांचं वाक्य त्यांच्या शब्दांत बदला, आणि जुनं वाक्य खोडून खाली तसंच दिसू द्या.

खाफजीच्या ओळी मोजल्या. सात कात्रणं, कतारचा उल्लेख एका ओळीत.

‘रद्दी’ मात्र मी मागे घेत नाही. वही ठेवीन, पण इतिहास म्हणून मुलांच्या हातात देणार नाही.

कुवेत रिटर्न, ते मास्तर पुढे कुठे गेले?

कुवेत_रिटर्न:
अम्मानला गेले असं कोणी तरी म्हणालं. पत्र टाकलं होतं, परत आलं.