सतनाम सिंगची कारकीर्द: संधी वाया गेली की फार लवकर हाती आली?

बेंचवरचा बारावा (धागाकर्ता)

२५ जून २०१५, ब्रुकलिन. एनबीए म्हणजे अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग; तिथले संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या फेरीत, ५२व्या क्रमांकावर डॅलस मॅव्हरिक्सने सतनाम सिंग भमराचं नाव घेतलं. पंजाबात बरनाला जिल्ह्यातलं बल्लो के हे त्याचं गाव, वडील शेतकरी, उंची ७ फूट २ इंच, वय १९. एनबीएत ड्राफ्ट झालेला पहिला भारतीय. आपल्याकडे पेढे वाटायचेच बाकी होते.

पुढे काय झालं? मॅव्हरिक्सकडून नियमित मोसमातला एकही सामना नाही. डी-लीगमधल्या (एनबीएच्या खालची, खेळाडू घडवायची लीग) त्यांच्या टेक्सास लेजंड्स संघात दोन मोसम, तेही बरेचसे बेंचवर. मग कॅनडातला सेंट जॉन्स एज हा संघ. २०१९ मध्ये उत्तेजक चाचणीत दोषी, २ वर्षांची बंदी. २०२२ पासून तो एईडब्ल्यू या अमेरिकन कंपनीच्या टीव्हीवरच्या कुस्त्यांत उतरतोय.

"आळशी होता", "पैसा डोक्यात गेला" अशी चर्चा मी बरीच ऐकली. मला ती पटत नाही. माझ्या मते तो ड्राफ्टच त्याला नडला. १४व्या वर्षी आयएमजी-रिलायन्सची शिष्यवृत्ती घेऊन तो फ्लोरिडातल्या आयएमजी अकॅडमीत गेला, तेव्हा त्याला इंग्रजी येत नव्हतं. अभ्यासाच्या अटींमुळे अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलचं दार बंद झालं. मग सरळ ड्राफ्ट. २००५ नंतर कॉलेज, परदेशी लीग किंवा डी-लीग यांपैकी काहीही न खेळता निवडला गेलेला तो पहिलाच. हा विक्रम म्हणून छापला गेला. मला तो धोक्याचा बावटा वाटतो. मोठ्या माणसांच्या लीगमध्ये आठवड्याला दोन-तीन सामने खेळून जो खेळ अंगात मुरतो, तो त्याला कधी मिळालाच नाही.

सडेतोड सदू

असहमत. ५२व्या क्रमांकाच्या खेळाडूकडून काय अपेक्षा होती तुमची? दुसऱ्या फेरीच्या शेवटी निवडलेल्यांपैकी बरेच जण एनबीएत नावापुरतेही दिसत नाहीत, आणि त्यांच्यावर कोणी शोकगीत लिहीत नाही. सतनाम भारतीय नसता तर हा धागाच निघाला नसता.

आणि "मोठ्या माणसांत खेळलाच नाही" हे अर्धसत्य आहे. भारताच्या वरिष्ठ संघाकडून आशियाई स्पर्धा तो मिसरूड फुटायच्या वयात खेळला होता. अनुभव नव्हता असं नाही, पाय नव्हते. बाजूला सरकून बचाव करता येत नाही, पळून परत येता येत नाही, तर कोच मिनिटं कशी देणार?

फ्रिस्कोची कुंदा

लेजंड्स आमच्याच गावात खेळतात. ती दोन वर्षं इथली भारतीय मंडळी मुलांना घेऊन खास सतनामला बघायला जायची, आम्हीही गेलो. सामन्याआधी सराव करताना बघितलं तर हात किती मऊ! रिंगजवळून, फ्री थ्रो रेषेपासून शॉट सुरेख पडायचे. मग सामना सुरू व्हायचा आणि तो बसलेला. निकाल लागून गेल्यावर शेवटच्या काही मिनिटांत कधीतरी उतरायचा. मुलं मात्र सह्या घेऊन खूश.

एक गोष्ट इथे कोणी बोलत नाही म्हणून सांगते. तेव्हा डी-लीगचा पगार मोसमाला साधारण १३ ते २५ हजार डॉलर होता. डॅलसच्या उपनगरात त्यात काय होतं ते मला विचारा. भारतात मात्र सगळ्यांना वाटायचं की पोरगं कोट्यधीश झालं.

बेंचवरचा बारावा

@सदू, पाय नव्हते हे मान्य, पण वर्ष कोणतं ते बघा. त्याच जून महिन्यात, अंतिम मालिकेच्या चौथ्या सामन्यात गोल्डन स्टेटने अँड्र्यू बोगट या ७ फुटी सेंटरला बसवून आंद्रे इग्वाडालाला सुरुवातीपासून खेळवलं, मालिका जिंकली, आणि इग्वाडालाच मालिकावीर ठरला. त्यानंतर जो तो संघ लहान, वेगवान पाच जण आणि बाहेरून थ्री पॉइंटर यांच्या मागे लागला. रिंगखाली पाठ टेकवून उभं राहणाऱ्या उंच माणसाचा भाव उतरत होता. सतनामला शिकवलेला खेळ नेमका तोच. ड्राफ्ट त्या चौथ्या सामन्यानंतर दोन आठवड्यांनी झाला.

आता डेन्व्हरचा नावाजलेला सेंटर निकोला योकिच. तोही दुसऱ्या फेरीत, २०१४ मध्ये ४१वा. तोही धावण्यात मंद, उडी तर विचारूच नका. पण डेन्व्हरने त्याला लगेच आणलं नाही. तो आणखी एक वर्ष सर्बियात मेगा या क्लबकडून खेळला, एड्रियाटिक लीगचा सर्वोत्तम खेळाडू झाला आणि मग गेला. सतनामला मागे ठेवायला कुठली लीग होती?

सडेतोड सदू

योकिचला मध्ये आणून तुम्ही स्वतःच्याच मुद्द्याची वाट लावलीत. त्याच्यासारखे पास इतिहासात मोजक्याच लोकांना जमलेत. हे म्हणजे गल्लीतल्या ऑफस्पिनरला मुरलीधरनच्या अकॅडमीत का पाठवलं नाही म्हणण्यासारखं.

आणि बंदीचं काय? हायजेनामाइन हे बंदी असलेलं द्रव्य सापडलं. सप्लिमेंटमधून नकळत जाऊ शकतं हे मलाही माहीत आहे. पण अमेरिकेत व्यावसायिक वातावरणात वाढलेल्या खेळाडूने डब्याच्या मागचं वाचायचं नाही तर कोणी वाचायचं? ऐन २४-२५व्या वर्षी, देशाच्या संघाला गरज असताना दोन वर्षं गेली. त्यालाही ड्राफ्ट जबाबदार?

नागपाडावाला

तुमचं दोघांचं भांडण अमेरिकेतच चाललंय. जरा इकडे या.

आमच्या नागपाडा नेबरहूड हाऊसच्या कोर्टावरून अब्बास मुन्तसिर भारताचे कर्णधार झाले, अर्जुन पुरस्कार मिळाला. त्या पिढीने खेळून काय मिळवलं? रेल्वेत नोकरी. आणि आजच्या चांगल्या खेळाडूला काय हवं असतं? रेल्वे, ओएनजीसी, सेनादल, इंडियन ओव्हरसीज बँक, पोलीस. पर्मनंट झाला की आई-वडील सुटले. यात कमीपणा नाही, त्याच नोकऱ्यांनी भारतीय बास्केटबॉल जगवलाय. पण खेळाडू वर्षभरात काही मोजक्या स्पर्धा खेळतो आणि उरलेला वेळ सराव. २०१५ ते २०१७ यूबीए ही भारतातली व्यावसायिक लीग झाली, पुणे पेशवाज, मुंबई चॅलेंजर्स वगैरे संघ होते, मग तीही बंद पडली.

तेव्हा सतनामने ड्राफ्ट नाकारून परत यायचं कुठे होतं? बारावा, तुम्ही म्हणता घाई झाली. घाई न करण्याची सोय कोणाला होती?

मीनल_रिबाउंड

नागपाडावाल्यांना +१. फक्त एक जोडते: ड्राफ्टच्याच वर्षी, एप्रिल २०१५ मध्ये, सिम भुल्लर सॅक्रामेंटो किंग्जकडून उतरला. कॅनडात वाढलेला, ७ फूट ५ इंच, एनबीएत खेळलेला पहिला भारतीय वंशाचा खेळाडू. एकूण सामने ३. किंग्जचे मालक विवेक रणदिवे मूळचे मुंबईचे. २०१९ मध्ये हाच संघ वरळीच्या एनएससीआय डोममध्ये इंडियाना पेसर्सविरुद्ध खेळायला आला. उंच माणूस, भारतीय नाव आणि एक अब्ज प्रेक्षकांची बाजारपेठ: ही बेरीज २०१५ च्या आसपास बऱ्याच लोकांनी मांडली होती. सतनामला बास्केटबॉलसाठी घेतलं की पोस्टरसाठी, या शंकेला जागा आहे.

सडेतोड सदू

मीनलताई, पोस्टरसाठी ५२वा नंबर कोणी खर्च करत असेल तर करू दे. त्याने काय बिघडलं? यांव मिंगलाही बाजारपेठ होतीच की.

मीनल_रिबाउंड

याओ मिंग. आणि तो २००२ मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडला गेला, त्याआधी शांघाय शार्क्सला चीनच्या लीगचं विजेतेपद मिळवून देऊन. फरक इथेच आहे. पोस्टर त्याचंही छापलं, पण आधी खेळाडू तयार झाला होता.

फ्रिस्कोची कुंदा

कुस्तीबद्दल मात्र नाकं मुरडू नका हं. आमच्या घरी ती लागते. मोठी गर्दी, टीव्हीवर चेहरा, बरा पगार. ज्या उंचीसाठी त्याला बेंचवर बसवलं, तिचेच आता पैसे मिळतायत. पोरगं पोट भरतंय.

बेंचवरचा बारावा

कुंदाताई, कुस्तीला माझा आक्षेप नाहीच. @सदू, बंदीची जबाबदारी त्याचीच, तिथे मी ड्राफ्टला ओढणार नाही.

नागपाडावाल्यांचा प्रश्न खरा आहे. प्रिन्सपाल सिंग ग्रेटर नोएडाच्या एनबीए अकॅडमीतून, एनबीएच्याच कॅनबेरातल्या अकॅडमीमार्गे, जी-लीगमधल्या (डी-लीगचंच नवं नाव) इग्नाइट संघात गेला, २०२१ मध्ये समर लीग (नव्या खेळाडूंना अजमावायची एनबीएची उन्हाळी स्पर्धा) जिंकणाऱ्या किंग्जच्या संघात होता, पण मिनिटांचं रडगाणं तिथेही तेच. उलट भारतीय संघातले अमृतपाल सिंग आणि विशेष भृगुवंशी यांना २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियन लीगमधल्या संघांनी करार दिले. मी तिकडे पाठवा म्हणतो.

नागपाडावाला

अमृतपाल तेव्हा २६ वर्षांचा होता. विशेष त्याच वयाचा. दोघांचेही खेळ मुळात इथेच, सरकारी नोकरीच्या संघांत घडले. १७ वर्षांच्या पोराला ऑस्ट्रेलियात कोण घेतो ते सांगा, कोर्टावर एक आहे, ६ फूट ८ इंच. त्याचे वडील मला रोज विचारतात आणि मी त्यांना रेल्वेच्या भरतीची तारीख सांगतो.