स्थळासाठी काढलेला फोटो आणि सावळा राहिलेला कान

प्रश्न :
मी सोलापुरात चित्रकला शिकते. गेल्या वर्षी घरच्यांनी स्थळांसाठी माझा फोटो काढून घेतला. स्टुडिओतून तो आला तेव्हा मी चांगलीच उजळ झाले होते, नाक बारीक झाले होते आणि हनुवटीवरचा भाजल्याचा व्रण गायब होता. डावा कान तेवढा मूळच्या सावळ्या रंगाचा राहून गेला होता. हा आणि मूळ फोटो शेजारी-शेजारी लावून प्रदर्शनात मांडावा असे वाटते, पण त्यातून गोऱ्या रंगाचीच जाहिरात होईल का?

उत्तर १ :
होईल, कारण ‘आधी आणि नंतर’ ही मांडणीच क्रीमच्या जाहिरातींची आहे. फ्रेंच कलावती ओर्लां यांनी १९९० ते १९९३ दरम्यान स्वतःच्या चेहऱ्यावर शस्त्रक्रिया करून घेतल्या, त्या मोनालिसाचे कपाळ, बोत्तिचेल्लीच्या व्हीनसची हनुवटी असे प्रसिद्ध चित्रांतले नमुने समोर ठेवून. मात्र स्थानिक भूल घेऊन त्या शुद्धीवर राहत आणि १९९३ मधील न्यूयॉर्कची शस्त्रक्रिया तर उपग्रहाद्वारे कलादालनांत थेट दाखवली गेली. गालांत बसवायचे कृत्रिम तुकडे (इम्प्लांट) त्यांनी कपाळाच्या दोन्ही बाजूंना बसवून घेतले, त्यामुळे तिथे उंचवटे आले. पाहणाऱ्याला सुंदर चेहऱ्याऐवजी कापाकापी पाहावी लागली, म्हणून ती सौंदर्याची जाहिरात ठरली नाही. (मला स्वतःला ते चित्रीकरण पूर्ण पाहवले नाही.)

उत्तर २ :
मी नवी पेठेत रिटचिंगचे काम करतो. पूर्वी निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीने डाग भरत असू, आता संगणकावर करतो, पण गिऱ्हाइकाचे म्हणणे तेच असते, ‘जरा उजळ करा’. घाईत कान, मान आणि हाताची बोटे सुटतात. ताई, तुमचा कान आमच्या धंद्याची चूक आहे. प्रदर्शनात ठेवायचे तर तोच ठेवा.

उत्तर ३ :
स्वतःच वेश करून फोटोत उभ्या राहणाऱ्या कलावती पुष्पमाला एन. यांची छायाचित्रे अवश्य पाहावीत. २००० ते २००४ या काळात छायाचित्रकार क्लेअर आर्नी यांच्यासोबत केलेल्या मालिकेत त्या रवी वर्मा छापखान्याच्या चित्रातील लक्ष्मीच्या वेशात उभ्या राहिल्या. घरोघरी पूजलेले ते रूप रंगवलेल्या पडद्यापुढे खऱ्या बाईने धारण केले की त्यातले नाटक उघडे पडते.

प्रश्नकर्ती :
सर्वांची आभारी आहे. मूळ फोटो लावणार नाही. कान आणि गाल जिथे मिळतात तेवढाच भाग चार फूट उंच छापून घेईन. आईला अद्याप सांगितलेले नाही, कारण तो फोटो दोन ठिकाणी पाठवून झाला आहे.