अनुभव धागा: रात्री नाक बंद, सकाळी तोंड कोरडं

पहाटे तीनच्या सुमाराला जाग येते तेव्हा जीभ टाळूला चिकटलेली असते. उशाशी तांब्या ठेवूनच झोपते. पाणी कमी पीत असेन असं वाटायचं, पण नवरा म्हणाला, "तू तोंड उघडं टाकून झोपतेस." म्हणजे दुखणं नाकाचं; नाक चोंदलं की श्वास तोंडाने आणि तोंडाचं वाळवंट. तुम्हाला कशामुळे झालं आणि कशाने उतार पडला, सविस्तर लिहा.

*

मी सहा वर्षं खिशात नाकाचे थेंब घेऊन फिरलो. ऑक्सिमेटाझोलिन. दोन मिनिटांत नाक मोकळं! एका सर्दीसाठी आणलेली बाटली आधी फक्त रात्री, मग दुपारी, मग दर चार तासांनी लागायला लागली. एकदा ती घरी राहिली तर एसटी जेवणासाठी थांबली तेव्हा मी न जेवता औषधाचं दुकान शोधत हिंडलो.

शेवटी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी सांगितलं की सर्दी केव्हाच गेली, आता थेंबांमुळेच नाक बंद होतंय. औषध नाकातल्या रक्तवाहिन्या आकसवतं आणि उतरलं की त्या आणखी फुगतात. तीन ते पाच दिवसांपलीकडे हे थेंब घालायचेच नसतात. त्यांनी स्टेरॉइडचा फवारा दिला आणि एका वेळी एक नाकपुडी सोडवली: उजवीत थेंब बंद, डावीत चालू. पहिला आठवडा उशांना टेकून बसल्या बसल्या झोपलो. फार वाईट रात्री होत्या त्या. दीड महिन्याने दोन्ही सुटल्या. कुणी वापरत असाल तर कृपया आजच बाटलीवरचं नाव वाचा.

*

दादा, फवाऱ्याबद्दल थोडं जोडते. त्याचं तोंड मधल्या पडद्याकडे न धरता बाहेर, कानाच्या दिशेने धरायचं. उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने मारला की आपोआप तसं होतं. मी पडद्यावर मारत होते, तेव्हा सारखा घोळणा फुटायचा. गुण यायला आठवडा-दोन आठवडे लागतात, दोन दिवसांत सोडू नका.

*

माझं नाक साफ होतं, तरी तोंड कोरडं. भाकरीचा घास पाण्याशिवाय उतरेना. लिमलेटच्या गोळ्या चघळत राहिले आणि सहा महिन्यांत तीन दाढा किडल्या. लाळ दात धुते, आम्ल मारते. ती आटली आणि वर मी साखर घालत होते. दंतवैद्यबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "औषधं कोणती चालू आहेत?" अर्धशिशीसाठी अमिट्रिप्टिलिन होतं, त्यानेच तोंड सुकत होतं. डॉक्टरांनी मात्रा कमी केली (आपल्या मनाने करू नये), लिमलेट जाऊन बिनसाखरेचं च्युइंगगम आलं. आता बरंच बरं आहे.

*

आमच्या बाबांना तोंड कोरडं, शिवाय रात्रीतून चारदा लघवी. आम्ही उन्हाळ्यावर ढकललं. मधुमेह निघाला. तहान आणि लघवी दोन्ही वाढली तर आधी रक्तातली साखर तपासा.

*

घरात लहान मूल असेल तर उकळत्या पाण्याच्या पातेल्याची वाफ नको. माझ्या भाचीच्या मांडीवर पातेलं कलंडलं होतं, डाग अजून आहे. आम्ही आता मिठाच्या पाण्याचे तयार थेंब वापरतो. मी स्वतः जलनेती करते, पण पाणी उकळून गार केलेलंच. नळाचं थेट नाही. त्यातला अमीबा नाकावाटे मेंदूपर्यंत जाऊ शकतो. क्वचितच होतं, पण झालं तर जिवावर बेततं.

*

धागा मीच काढला होता. सगळं वाचून औषधांचा डबा उघडला. दोन महिने रोज रात्री सर्दीची गोळी घेतेय आणि पाकिटावरच्या कागदात दुष्परिणामांत 'तोंडाला कोरड' छापलंय. मंगळवारी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांची वेळ मिळाली आहे. डबाच सोबत नेते.