कामगार आणि सामाजिक धोरणावर परदेशात पीएचडी: पैसा कसा उभा करायचा?

श्रमवेध:
विषय आहे स्थलांतरित घरकामगारांची सामाजिक सुरक्षा. दोन देशांची तुलना, प्रत्येकी २० मुलाखती. एमए नेदरलँड्समध्ये झालं (२ वर्षं), ते संपून ६ महिने झालेत. फी, राहण्याचा खर्च आणि फील्डवर्क हे तिन्ही एकाच शिष्यवृत्तीतून निघतं का? आणि तिथलं आधीचं वास्तव्य कुठे आडवं येतं का?

मस्टर:
तिन्ही एकाच खिशातून क्वचितच निघतं. आणि आधी 'शिष्यवृत्ती' शोधणं थांबवा, पगारी जागा शोधा. स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क, नेदरलँड्स इथे पीएचडी ही बहुतेकदा नोकरीच असते. जाहिरात विद्यापीठाच्या रिक्त पदांच्या पानावर येते, त्यामुळे शिष्यवृत्त्यांच्या याद्या चाळणाऱ्यांना ती दिसतच नाही. स्वीडनमध्ये फी नाही, मुदत ४ वर्षांची. शिकवण्यासारखं विभागाचं काम २० टक्क्यांपर्यंत असलं तर ती ५ वर्षांपर्यंत लांबते. तुमच्या विषयासाठी स्टॉकहोम विद्यापीठातली 'सोफी' ही सामाजिक संशोधनाची संस्था आधी बघा.

दुसरी वाट मेरी क्युरी डॉक्टरल नेटवर्कची, म्हणजे युरोपीय संघाच्या पैशावर चालणाऱ्या पीएचडी योजनेची. जागा युरॅक्सेस या संशोधकांच्या नोकऱ्यांच्या युरोपीय संकेतस्थळावर लागतात, पण विषय बहुतेक ठरलेला असतो. तुमचा प्रस्ताव त्यात बसवावा लागतो. रकमेचा आकडा बघून हुरळून जाऊ नका. २०२३-२४ च्या फेऱ्यांमध्ये निर्वाह भत्ता महिना ३,४०० युरो होता. त्याला आधी देशाचा गुणांक लागतो, म्हणजे तिथल्या महागाईनुसार रक्कम कमी-जास्त होते. मग त्यातूनच मालकाचा सामाजिक सुरक्षेचा वाटा आणि तुमचा कर वजा होतो. हातात किती पडेल हे मुलाखतीतच विचारा.

खर्चवही:
ब्रिटनचा मामला वेगळा. ईएसआरसी या सामाजिक शास्त्रांच्या संशोधनाला पैसा देणाऱ्या सरकारी परिषदेच्या जागा २०२१ पासून परदेशी विद्यार्थ्यांना खुल्या आहेत, पण एका तुकडीत ३० टक्क्यांपर्यंतच. २०२५-२६ साठी किमान स्टायपेंड वर्षाला २०,७८० पौंड होता. फीच्या बाबतीत मात्र घोडं पेंड खातं: यूकेआरआय (ईएसआरसीची पालक संस्था) स्थानिक दरानेच देते, म्हणजे २०२५-२६ ला ५,००६ पौंड. आंतरराष्ट्रीय फीमधला फरक कोण सोसणार, हे अर्जाआधी विभागाकडून ईमेलवर लेखी घ्या. तोंडी 'होऊन जाईल' वर विसंबू नका.

जर्मनीत हान्स बॉक्लर (कामगार संघटनांच्या महासंघाशी जोडलेली) आणि फ्रीडरिश एबर्ट (सोशल डेमोक्रॅटिक पक्षाच्या जवळची) या प्रतिष्ठानांना तुमचा विषय जवळचा. गुणांइतकंच तुमचं सामाजिक किंवा युनियनमधलं काम पाहतात, आणि जर्मन भाषा यायला हवी. पण स्टायपेंड म्हणजे पगार नव्हे: पेन्शन नाही, बेकारी विमा नाही, आरोग्य विमा स्वतः काढायचा. सामाजिक सुरक्षेवर प्रबंध लिहायचा आणि आपण त्या जाळ्याबाहेर राहायचं!

रविवारची_सुट्टी:
फील्डवर्कचं बजेट वेगळं मांडा, बहुतेक अर्ज तिथेच उघडे पडतात. मालकाच्या घरी राहणारी बाई सुट्टीच्या दिवशीच भेटते. आयएलओच्या (आंतरराष्ट्रीय कामगार संघटना) घरकामगारांवरच्या २०११ च्या करार १८९ मध्ये आठवड्याला सलग २४ तासांची विश्रांती आहे. प्रत्यक्षात तीही सगळ्यांना मिळत नाही. दर सुट्टीला २ मुलाखती ठरवल्या आणि एक तृतीयांश रद्द झाल्या, तर २० मुलाखतींना १५ आठवडे लागतात. 'प्रत्येक देशात ६ आठवडे' असं लिहिलंत तर परीक्षकाला कळतं की हे काम कागदावरच झालंय.

मग मुलाखती ऐकून शब्दशः लिहून काढणं. ४० मुलाखती, सव्वा तासाची एक, म्हणजे ५० तासांचं ध्वनिमुद्रण. ध्वनिमुद्रणाच्या एका तासाला ५ तास धरा: २५० तास. दुभाषी, भाषांतर, एजंटशिवाय ओळख करून देणाऱ्या संघटनेचा वेळ, मुलाखतीला येणाऱ्यांचा प्रवासखर्च हे सगळं वेगवेगळ्या ओळींत दाखवा. 'किरकोळ' या नावाखाली मोठी रक्कम घातली की ती आधी कापली जाते.

विषयाला मानववंशशास्त्राची बाजू खरोखर असेल तर वेनर-ग्रेन या मानववंशशास्त्राला पैसा देणाऱ्या अमेरिकी प्रतिष्ठानाच्या फील्डवर्क अनुदानाला नागरिकत्वाची अट नाही. विद्यापीठाची फी मात्र त्यातून निघत नाही. नैतिकता समितीची मंजुरी आणि संशोधनाला चालणारा व्हिसा, दोन्हीचा वेळ वेळापत्रकात आधीच धरा. पर्यटक व्हिसावर मुलाखती घेतल्या तर तुम्ही अडचणीत याल, आणि ज्यांची कागदपत्रं अपुरी आहेत त्या बायका तुमच्याहून जास्त.

मस्टर:
वास्तव्याचं राहिलंच. मेरी क्युरीची अट अशी: नेमणुकीच्या तारखेआधीच्या ३६ महिन्यांत यजमान देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं चालत नाही. मोजणी नेमणुकीच्या तारखेपासून मागे होते, अर्जाच्या नव्हे. तुम्ही २४ महिने राहिलात, म्हणजे देश सोडल्यावर २४ महिने उलटल्याशिवाय नेदरलँड्समधली मेरी क्युरी जागा मिळणार नाही. एमएनंतरही तिथेच असाल तर आकडा आणखी पुढे सरकेल. सुट्टीतली छोटी फेरी धरत नाहीत. जर्मनी किंवा स्वीडनमधल्या जागेला आजही अर्ज करू शकता, आणि नेदरलँड्समधल्या साध्या पगारी पीएचडी जागांना ही अट लागूच नाही.