दोर काढून ठेवू नका: न बोलता जगलेली श्रद्धा, तुमचे अनुभव

नगरची लेक
काल सोसायटीत टँकरवरून भांडण. बी विंगने पाईप आधी लावला म्हणून सी विंगच्या काकांनी तो उपटला. मी बादली घेऊन उभी, आणि एकदम आजोबांचा आड डोळ्यांपुढे आला.

बहात्तरचा दुष्काळ. आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर. गावच्या विहिरीवर आमच्या लोकांना पोहरा टाकू देत नसत. बाप्तिस्मा झाला म्हणून जात थोडीच सुटते! ती विहीर आटली, आमच्या परसातला आड कसाबसा तग धरून होता. मग त्याच घरांतल्या बायका पहाटे अंधारात आमच्याकडे, कुणी बघू नये म्हणून. आजी खवळली. "सावलीचा इटाळ व्हतो, पाण्याचा न्हाई व्हय?" रात्री ती दोर काढून घरात आणून ठेवायची. आजोबा उठायचे, मुकाट्याने परत रहाटाला लावून यायचे. बरेच दिवस हेच. शेवटी आजीने दोर राहू दिला, पण पोहरा आत नेला. ज्याने त्याने आपला आणावा!

आजोबांनी यावर कुणाला चार शब्द सांगितले नाहीत. बाबांना मात्र पहाटेची ती करकर अजून आठवते. तुमच्याकडे असं कुणी होतं?

खर्ड्याचा
सलाम ताई. पाण्यावरून आठवलं, आमच्या जामखेडला डॉ. आरोळे नवरा-बायकोंनी (1970 पासून गावोगावी आरोग्याचं काम) हातपंप मुद्दाम दलित वस्तीत घेतले. पाणी पाहिजे तर तिकडे जा! दोघं पक्के ख्रिस्ती, पण माझ्या आत्याला कधी धर्माबद्दल एक शब्द विचारला नाही. तिला लिहिता येत नव्हतं, नंतर त्यांच्याकडे शिकून बाळंतपणं करायला लागली. बाकी नंतर लिहितो, गिऱ्हाईक आलंय

पोहरा
आजीचं बरोबर होतं. बास.

नगरची लेक
@पोहरा आयडी बदला आधी 😄

पाळकाची पोर
मी जरा उलटं बोलते. बाबा चर्चचे पाळक, म्हणजे धर्मगुरू. आम्हाला लहानपणापासून एकच, "लोक तुमच्याकडे बघतात". सिनेमाला गेलं की सोमवारी मंडळीत चर्चा. भावाला बारावीत कमी पडले तर एक आजी बाबांना म्हणाल्या, साक्ष बिघडली, म्हणजे लोकांपुढचा आदर्श गेला. पृथ्वीचं मीठ व्हा म्हणे, आमच्या घरी खारट झालं होतं सगळं. बाबा माणूस म्हणून सोन्यासारखे. पण त्यांचं चांगलं असणं मला घर सोडल्यावरच दिसलं, रोज दाखवलं जात होतं तेव्हा नाही.

नगरची लेक
अगं 🫂 हे वेगळ्या धाग्याचं आहे खरं. लिही ना.

पाळकाची पोर
बघते. कुकर लावलाय.

वसईवाली
टँकर म्हटलं की आमच्या अंगावर काटा. वाडीतल्या विहिरी उपसून गाड्या भरून जायच्या. आमचे लेखक-धर्मगुरू फादर दिब्रिटो तेव्हा हरित वसई चळवळीत उभे राहिले, धमक्या आल्या तरी हलले नाहीत. माझे पप्पा मोर्च्याला जायचे, मम्मी नाक्यापर्यंत मागे मागे, "तुमचं काय अडलंय?" 2020 ला उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, पाठीच्या दुखण्याने बेजार, तरी गेले. पप्पा टीव्हीसमोर रडले. पप्पा एरवी फक्त फुटबॉल हरल्यावर रडतात.

मिरजेची सून
आम्ही हिंदू, चालेल ना? सासरे मिरजेच्या वानलेस हॉस्पिटलात (1894 चं) ऑपरेशनला होते. रात्रपाळीची सिस्टर त्यांच्या पायाची नखं कापत बसली होती, तीन वाजता. कुणी सांगितलं नव्हतं. सासऱ्यांनी विचारलं, "पोरी, हे तुझं काम आहे का?" तर म्हणाली, "चादरीत अडकतात बाबा." एवढंच. सासरे पुढे दर नाताळला हॉस्पिटलात पेढे पाठवायचे. नाताळला पेढे!!

वसईवाली
@मिरजेची सून चालतात की! आमच्याकडे नाताळला फुगे (मैद्याचे गोड गोळे) तळतो, शेजारच्या भटजीकाकांकडे पहिला डबा. ते अंड्याचं कधी विचारत नाहीत, आम्ही सांगत नाही 🤭

पोहरा
फुग्यांची रेसिपी टाका.

वसईवाली
मम्मीला विचारून सांगते. ती "अंदाजाने" म्हणणार.

खर्ड्याचा
आलो. ताई, त्या पहाटेच्या बायकांपैकी नंतर कुणी बोललं का घरच्यांशी?

नगरची लेक
एकीने आजीला नवा पोहरा आणून दिला. आजीने घेतला, पण चहा विचारला नाही. मेसेज आला, टँकर आलाय. पळते.