मदत हवी आहे: अकरावीत एपी (अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट, म्हणजे शाळेतच घ्यायचे कॉलेजच्या पातळीचे कोर्स) किती घ्यावेत?
मंडळी, आम्ही न्यू जर्सीत असतो, मुलगी दहावीत आहे आणि पुढच्या वर्षीचे कोर्स निवडायचा फॉर्म आलाय. तिला एपी कॅल्क्युलस बीसी, फिजिक्स सी (कॅल्क्युलस वापरून शिकवतात ते) आणि यूएस हिस्ट्री तिन्ही हवेत, म्हणजे मे महिन्यात लागोपाठ परीक्षा, वर एसएटी (कॉलेज प्रवेशाची परीक्षा) आहेच! काउन्सेलर म्हणतात आधी एबी (बीसीच्या खालच्या पातळीचा कॅल्क्युलस कोर्स) घे, पण बीसीत एबीचा सगळा भाग येतोच आणि एबीचा सबस्कोअरही वेगळा मिळतो, मग वर्ष कशाला घालवायचं असं लेकीचं म्हणणं. मला धास्ती जीपीएची (सगळ्या विषयांच्या ग्रेडची सरासरी). इंजिनिअरिंगला जायचंय, मग एपीत बी ग्रेड आलेला चालतो की ऑनर्समध्ये (नेहमीच्यापेक्षा वरचा, पण एपीहून सोपा वर्ग) ए ग्रेड बरा? आणि फिजिक्स सी न् कॅल्क्युलस एकाच वर्षी झेपतं का? ज्यांच्या पोरांनी केलंय त्यांनीच सांगा प्लीज, बाकी सल्ले नातेवाइकांकडून भरपूर मिळालेत 😄