"जुने प्राध्यापक बदलाला घाबरतात" म्हणे!

सड्यावरचा
'परिवर्तनाचे नेतृत्व' नावाचा लेख परवा इथे कोणीतरी चिकटवला. एका विद्यापीठाच्या तंत्रज्ञान महाविद्यालयाचे नवे संचालक लिहितात: दोन वर्षांत कायापालट केला, एआयची शाखा काढली, बायोमेट्रिक हजेरी बसवली, वर्कशॉपातलं भंगार हलवलं. अडचण एकच, जुने प्राध्यापक बदलाला घाबरतात.

कॉलेजचं नाव घेत नाही, पण त्या भंगाराशेजारी माझी २२ वर्षं गेली. घाबरतंय कोण? शेवटच्या वर्षी माझ्या विभागात कायम माणसं चार, बाकी सगळे तासिका तत्त्वावर. एआयसीटीईचं, म्हणजे केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेचं, प्रमाण २० पोरांमागे एक शिक्षक. ते जुळवायला तपासणी समितीच्या दिवशी शेजारच्या विभागातली माणसं आमच्या खुर्च्यांवर आणून बसवायचे. एका तासिकावाल्याचं मानधन चार महिने आलं नाही, तर तो एप्रिलात आंब्याच्या पेट्या भरायला जायचा. सकाळी पेट्या, दुपारी थर्मोडायनॅमिक्स. द्या त्याला बदलावर व्याख्यान.

आणि ते स्मार्ट बोर्ड! जूनमध्ये बसवले, ऑगस्टात आत बुरशी. आमच्या शिपायाला विचारलं असतं तरी त्याने सांगितलं असतं. तोच दर शनिवारी वर्कशॉपातल्या लेथच्या, म्हणजे धातू कातायच्या यंत्राच्या, बेडवर ग्रीस फासायचा, म्हणून खाऱ्या वाऱ्यातही त्याला गंज चढला नाही. तो लेथ म्हणे भंगार.

बंदरावरचा_फिटर
सर, ओळखलं तुम्हाला. २०११ ची बॅच. पिवळ्या पडलेल्या नोट्स, कोपरे उडालेले, फळ्यावर जशाच्या तशा. १९७६ सालचा ८०८५ मायक्रोप्रोसेसर आम्हाला २०११ मध्ये शिकवला. मुंबईत इंटरव्ह्यूला समोरचा हसला होता. संचालकांची भाषा मलाही झेपत नाही, पण 'घाबरतात' यात खोटं काय?

सड्यावरचा
८०८५ शिकवतात तो पाया कळावा म्हणून. नोट्सचं मान्य. पिवळ्या होत्या.

लोणेरेमार्गे
लोणेऱ्याचं तंत्रशास्त्र विद्यापीठ १९८९ च्या कायद्याने आलं तेव्हा एका आवारापुरतं होतं. २०१४ च्या कायद्याने इतर कॉलेजांना संलग्नता देणारं झालं. आमचे काका तेव्हा "आता बुडालं" म्हणत होते. बदल वरूनच यावा लागतो हो, खालून आलेला मी तरी पाहिला नाही.

कलमवाला
नाही पाहिला? दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा नूतन झेला, आंबे उतरवायचं अवजार, बघा. साधी काठी, जाळी आणि पातं, पण आंबा देठासकट उतरतो, चीक सालीवर ओघळत नाही. झाडाखाली उभं राहिल्याशिवाय असलं काही सुचत नाही. केबिनमध्ये बसून तर नाहीच.

घाटावरचा_पाव्हणा
सगळं ठीक, पण बायोमेट्रिकला विरोध कशाला? मी तिकडे तीन वर्षं काढली आहेत. गणपतीत आठवडाभर कॉलेज ओस. प्राध्यापक गायब, शिपाई गायब, कॅन्टीनवालासुद्धा गायब. असं कुठे परिवर्तन होतं का?

तळकोकणी
गणपतीक घराक जावचा नाय तर जगाचा कित्याक? तुमका आमचे गणपती दिसतत, तुमची वारी नाय दिसना.

माहेरवाशीण
पाव्हणे, माझं ऐका. लग्नानंतरचं पहिलं वर्ष, गौरीचा ओवसा होता, म्हणजे नव्या सुनेने गौरीपुढे वाणाचं सूप ओवसायचं, आणि नेमकी त्याच दिवशी अंतर्गत परीक्षा लावली. सूप तसंच राहिलं, सासूबाई अजून ऐकवतात. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी सुटतं, पूर्वी तर १२० होते. गणपतीची तारीख वर्षभर आधी कॅलेंडरवर छापलेली असते. तुमचं वेळापत्रक फलकावर लागतं आठ दिवस आधी! शिस्त कुणाला शिकवता?

घाटावरचा_पाव्हणा
म्हणजे आता विद्यापीठ सासूबाईंना विचारून चालवायचं?

माहेरवाशीण
चालवून बघा. परीक्षा तरी वेळेवर होतील.

तळकोकणी
😂😂 पाव्हणो आता एसटीन परत जातलो.

लोणेरेमार्गे
धागा तंत्रशिक्षणाचा होता, कुणाला आठवतंय का?

घाटावरचा_पाव्हणा
वेळापत्रक आधी लावावं, हे कबूल. पण दीड दिवसाच्या गणपतीला सात दिवस सुट्टी, हे कबूल नाही. आणि वारीला मी एकदाही रजा घेतलेली नाही.

तळकोकणी
दीड दिवसाचो तुमचो. आमचो गौरीवांगडा जाता.

सड्यावरचा
गणपती बाजूला ठेवा. माझा प्रश्न साधा आहे: दोन वर्षांत संचालकांनी स्वतः एक तरी तास घेतला का? पहिल्या वर्षाच्या पोरांसमोर, वीज गेलेली असताना? आणि लेथ विकण्याआधी कुणाला विचारलं?

बंदरावरचा_फिटर
लेथचं मी सांगतो. लिलावात ३८ हजारांना मीच उचलला. होड्यांचे शाफ्ट त्यावरच करतो, एक सुताचा फरक येत नाही. भंगार नव्हता, साहेब तिथे चुकलेच. पण सर, दोन सेमिस्टर आम्हाला त्याला हात लावू दिला नव्हता. "पोरं मोडतील" म्हणून वर्कशॉपच्या त्या भागाला कुलूप. मी लेथ शिकलो तो बंदरावर, बापाच्या मित्राकडे. हेही लिहा की.

सड्यावरचा
लिहितो. किल्ली माझ्याकडेच असायची.